दहाने पुढचा काटा

माझ्या शेजारच्या गाळ्यात मास्तर बसतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, स्वतःच सातवीत शाळा सोडली. पण गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त करणारा दुसरा माणूस आसपास नाही, आणि कामात कोणी नाक खुपसलं तर ते चष्मा काढून असे काही बघतात की ड्रायव्हर मंडळी आपोआप मास्तर म्हणू लागली. मी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवतो. मधे नुसता पत्रा आहे, तिकडची शिंक इकडे ऐकू येते.

त्यांच्या टेबलावर गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा असतात, आणि समोरच्या खिळ्याला एक चेपलेला मीटर टांगलेला आहे. त्याचा काटा साठवर अडकलाय. तो त्यांच्या थोरल्या भावाच्या टेम्पोचा. मास्तरांनीच दुरुस्त करून दिला होता, अगदी बिनचूक. धरणाच्या उतारावर चाळीसची पाटी असलेलं वळण आहे, तिथे भाऊ साठने गेला आणि परत आला नाही. काटा खरं सांगत होता, भावाने मनावर घेतलं नाही.

तेव्हापासून मास्तर प्रत्येक काटा दहाने पुढे बसवतात. गाडी पन्नासने पळत असेल तर काटा साठ दाखवणार. माणूस ऐकत नसेल तर काट्यानेच थोडं वाढवून बोलावं, असा त्यांचा हिशोब. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीटर हातात देताना एकच वाक्य, "काटा खरा आहे, निर्धास्त जा."

एवढं तोंड मिटून केलेलं काम वर्षभरात सगळ्या स्टँडला ठाऊक झालं! ड्रायव्हर काही दुधखुळे नसतात. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचं घड्याळ असलं की झालं. मग सगळे मनातल्या मनात दहा वजा करून गाडी हाकू लागले. नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी शिकवायचे, मास्तरांचा मीटर असेल तर दहा कमी धर. म्हाताऱ्याला मात्र कोणी बोललं नाही. मीही नाही. आम्ही त्यांना फार मानायचो, आणि खरं सांगायचं तर मागून थोडं हसायचोही.

मास्तरांचा जावई व्हॅन चालवतो. रोज दुपारी इस्पितळातल्या अकरा बायकांना धरणाच्या रस्त्याने खालच्या शहरात कामावर नेतो. त्यांतली एक मास्तरांची लेक. ती तिथे एक्स-रे काढते, आणि बसते पुढे, नवऱ्याशेजारी. रस्त्याच्या खड्ड्यांना कंटाळून जावयाने त्या शनिवारी मोठे टायर चढवले. व्हॅन टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसत होती.

"मामा, आता काटा कमी दाखवणार ना?" त्याने विचारलं.

"दाखवणारच. चाक मोठं झालं, एका फेरीत जास्त रस्ता कापणार. काट्याला त्याचा पत्ताच नाही." मास्तरांनी टायरवर खडूने रेघ मारली, जमिनीवर मारली, जावयाला व्हॅन हळूच ढकलायला लावली आणि रेघ परत खाली आल्यावर टेप लावली. जुना टायर एका फेरीत दोनशे पाच सेंटिमीटर जायचा, नवा दोनशे पंचवीस. "काटा साठ म्हणेल तेव्हा तुम्ही सहासष्टने जात असाल, जावईबापू." मग गाडीखाली शिरून त्यांनी मीटरची केबल फिरवणारं बावीस दात्यांचं चाक काढलं आणि वीस दात्यांचं घातलं. दाते कमी, केबल जोरात. हिशोब जुळला.

मीटरचा काटा मात्र आधीपासून दहाने पुढे बसवलेला होता. या वेळी मीटर उघडून तो त्यांनी मागे, खऱ्यावर आणला. सोमवारी व्हॅनची तपासणी होती, आणि आता तिथे चाकं रोलरवर फिरवून काटा बघतात. खोटा निघाला की गाडी जागेवर उभी.

सोमवारी सकाळी व्हॅन पास झाली. दीड वाजता बायकांना घेऊन निघताना जावई गाळ्यासमोर थांबला. मास्तर खिडकीशी गेले, लेकीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "काटा खरा आहे, निर्धास्त जा."

दोनच्या सुमाराला आम्ही चहा घेत बसलो होतो. मास्तर खुशीत होते. "तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी काटा अगदी बरोबर बसवलाय. गाडी पास झाली, पण चैन पडत नाही बघ."

मी मूर्खासारखा हसलो. "मग जावयाला सांगितलंत ना, यातून दहा वजा करू नकोस म्हणून?"

"दहा कशाला वजा करेल तो?"

शब्द तोंडातून निघून गेले होते. मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. कप कलंडला तो त्यांनी उचललासुद्धा नाही.

जावई गाडी चालवताना फोन घेत नाही, तेवढा तो शहाणा आहे. मास्तरांनी लेकीला लावला. स्पीकर मी चालू केला. मोठ्या टायरांची घरघर आणि मागच्या बायकांचं हसणं ऐकू आलं.

"त्यांना सांग, काटा खरा आहे. दहा वजा करायचे नाहीत."

तिने सांगितलं. जावई काहीतरी बोलला. "बाबा, हे म्हणतायत, मामा सगळ्यांना असंच सांगतात."

"अगं, आजवर खोटं बोललो! सगळ्यांशी बोललो. आजचा खरा आहे, तुझ्या आईची शपथ!"

पलीकडे दोघं हसली. वाईट नव्हतं ते हसणं, घरातल्या म्हाताऱ्यावर माणसं हसतात तसं होतं. तेच मला सहन झालं नाही.

"काटा कितीवर आहे?" मास्तरांनी विचारलं.

"साठ."

"म्हणजे तुम्ही साठने चाललाय. वळण येईल आता, हळू घ्यायला सांग."

"नाही हो बाबा," ती समजूत काढत म्हणाली, "साठ म्हणजे पन्नास. वळणावर हे पन्नासवर आणतात, म्हणजे चाळीस होतात. रोज असंच जातो आम्ही. ती बघा पाटी आली. पोचल्यावर करते." फोन बंद झाला.

मास्तरांनी परत लावला. लागला नाही. मीही माझ्या फोनवरून लावून बघितला. उंच टायर, भरलेली गाडी, उतार, आणि खरेखुरे पन्नास.

लेक पोचल्यावर फोन करते, अडीचला. कधी पाच मिनिटं इकडेतिकडे. मास्तर खिळ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि फोन दोन्ही हातांत धरून राहिले.

"तुला किती वर्षांपासून ठाऊक होतं?" अडीच उलटून गेल्यावर त्यांनी विचारलं.

"पंचवीस."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मास्तर."

त्यांनी लेकीला पुन्हा फोन लावला, लागला नाही. तीन वाजायला दहा मिनिटं होती.