सिमल्यासाठी घेतलेला स्वेटर
कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला की मला येडगावच्या धरणाचं पाणी आठवतं. सिमल्याला जायचं म्हणून आईला नवा स्वेटर घेतला होता, पण विमानच रद्द झालं आणि पुण्याहून मागं फिरावं लागलं. वडील म्हणाले, सरळ घरी जाऊ. आई अडून बसली. "बायकांनी ओटी भरून वाटं लावलंय. लगीच कोणत्या तोंडानं जाऊ?" आमचं कळंब आलं तेव्हा तिनं पदर तोंडावर ओढला आणि गाडी पुढं येडगावला, मावशीकडं गेली. पहाटे सवयीनं आई धार काढायला गोठ्यात शिरली, तर मावशीनं तिच्या हातातली बादली काढून घेतली. "पावणी हायेस तू. गप बस तिकडं." आई स्वेटर घालून ओट्यावर बसली. समोर पाण्यावर धुकं होतं. मावशीनं आणून दिलेला चहा तिनं गार होईस्तोवर पुरवला. सुट्टी संपेपर्यंत रोज तसंच. घरी आल्यावर बायकांनी विचारलं, "कसं व्हतं सिमला?" आई म्हणाली, "थंडी लई व्हती. आन् चहा बसल्या जागी मिळायचा." तो स्वेटर आता मी घालते, पहाटे उठून सगळ्यांचा चहा ठेवताना.