स्टोअरमधल्या ताई आणि माझा फ्रीजर

उद्या जगबुडी येणार असं कळलं तर सगळे देवाचा धावा करतील. आमच्या कंपनीच्या स्टोअरमधल्या ताई मात्र आधी फ्रीजर भरून घेतील. चाकणच्या बसमध्ये एखादीला दिवस गेल्याची कुजबुज झाली की बाकीच्या अभिनंदन करतात, डोहाळे विचारतात. ताई मागच्या सीटवरून वाकून एवढंच विचारतात, "फ्रीजर केवढा आहे?" मला विचारलं तेव्हा मी हातांनी माप दाखवलं. "बर्फाचे ट्रे काढून टाक. आइस्क्रीम आणायचं नाही. ती जागा आता माझी," असं म्हणून त्या डोळे मिटून झोपूनही गेल्या. लग्नात माहेरच्यांनी दिलेला फ्रीज माझ्या हातून गेला तो असा.

जन्मभर सुट्या भागांचे खोके रॅकला लावलेली बाई ती. चिखलीतल्या त्यांच्या घरी रविवारी शेपूची डाळ, मसुराची आमटी, कांदा-खोबऱ्याचं वाटण, अर्धवट भाजलेले मेथीचे पराठे अशी नुसती रास पडायची. सगळं पिशव्यांत पातळ पसरून आडवं गोठवायचं, मग फायलींसारखं उभं लावायचं, आणि आधी आलेलं आधी खायचं. "काल काय खाल्लंस?" असा रोज फोन. एकदा मी मधलीच पिशवी ओढल्याचं कबूल केलं, तर मला असं झापलं की जणू मी कंपनीतून इंजिनच पळवलं होतं. पण नवरा सेकंड शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे धरलेले, बाळ मांडीवरून खाली उतरायला तयार नाही. त्या पिशव्या नसत्या तर मी चहा-बिस्किटांवर बाळंतपण काढलं असतं, खरंच सांगते. सासूबाई मूळच्या मावळातल्या. पहिली पिशवी बघूनच कडाडल्या, "बाळंतिणीला शिळं घालायचं व्हय?" ताईंनी दारातूनच उत्तर दिलं, "मावशी, शिळं म्हणजे पडून राहिलेलं. हे थांबवून ठेवलंय." सासूबाईंना काही ते पटलं नाही.

आणि हो, दारातूनच. ताई कधी आत आल्या नाहीत. पिशव्या द्यायच्या, रिकामे डबे घ्यायचे, लिफ्टचं बटण दाबायचं. त्यांना मूलबाळ नाही. कितीतरी बाळंतिणींना त्यांनी जेवू घातलं, पण पाळण्याजवळ गेलं की काय होतं ते त्यांनी एकदा बसमध्ये हसत हसत सांगितलं होतं. "माझ्या हातचं सगळ्यांना चालतं गं. बाळ मागितलं की नेमकी त्याची दुधाची वेळ होते." तेव्हाच मी पक्कं ठरवलं, या बाईच्या मांडीवर माझं पोरगं घालायचंच. सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती, पण मुळात ताई हाती लागतील तर शपथ! आज सर्दी आहे, उद्या रिक्षा उभी आहे. बारशालासुद्धा भलंमोठं पातेलंभर वाटण पाठवलं आणि स्वतः गायब.

मग एका गुरुवारी लाइट गेली. आमच्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि विजेलाही. सोसायटीचा जनरेटर लिफ्टपुरताच. सासूबाई बिचाऱ्या काळजीपोटी सारखा फ्रीजर उघडून पाघळलं का बघत होत्या आणि त्यानेच सगळं पाघळत होतं. मी ताईंना फोन केला. पलीकडून किंकाळीच आली, "दार उघडू नका!" आणि गाउनवर ओढणी घेऊन बाई स्कूटरवरून रावेतला आमच्या दारात हजर. चपला दारात भिरकावून थेट स्वयंपाकघरात! आपण आत आलोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. "आता हे परत गोठवायचं नाही. आजच संपवायचं. बोलवा मजल्यावरच्यांना!" एका शेगडीवर डाळ, दुसरीवर तवा, नवरा वाढतोय, शेजारपाजारचे आपापली ताटं घेऊन दारात. सासूबाईंनी त्या शिळ्या आमटीचे मिटक्या मारत भुरके मारले आणि गुडघे विसरून तव्याशी उभ्या राहिल्या.

एवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. माझे हात तुपाने माखलेले. ताई दाराकडे सरकल्या आणि चपला शोधू लागल्या. पराठा उलटता उलटता सासूबाई म्हणाल्या, "आवो, बघताय काय? घ्या की त्येला! तुमचंच खाऊन वाढलंय त्ये."

ताईंनी हात धुतले. पुन्हा धुतले. ओढणीला पुसले. मग काचेचा माल उचलावा तसं बाळाला घेतलं, आणि सासूबाईंनी पायाने खुर्ची त्यांच्याकडे ढकलली. पोरगं दोन हुंदके देऊन गप्प झालं. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

दिवेलागणीला पंखा फिरला, फ्रीज घरघरू लागला. आता ताई ताडकन उठणार, रिकामा फ्रीजर पुसायला घेणार, रविवारचा बेत सांगणार, असं मला वाटलं.

"ताई, लाइट आली," मी म्हटलं.

"येऊ दे गं," ओढणीच्या टोकाने बाळाला वारा घालत त्या म्हणाल्या. "झोपलाय तो."