शिवणाची टेप

तापलेल्या रबराचा वास आला की मला काळेवाडीतले ते गॅरेज आठवते, जिथे चाळिशी उलटल्यावर, पुष्कळ पुस्तके वाचून झाल्यावर, मी हाताने काम करायला शिकत होतो. एका दुपारी कंपनीतून निवृत्त झालेले एक काका काकूंसह, चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी आपली गाडी घेऊन आले. कोरड्या, सरळ रस्त्यावरही चाके घसरत असल्याचा पिवळा दिवा लागत होता. तेव्हापासून काकू मागच्या सीटवर बसू लागल्या होत्या, आणि आजारपणानंतर बाबांचा स्टिअरिंगवरचा हात पूर्वीसारखा राहिला नाही असे म्हणून मुलाने किल्ली मागितली होती. "गाडी बिघडलीय की मी, तेवढं सांगा राव," काका हळूच म्हणाले. स्कॅनरवर एकही सेन्सर नादुरुस्त दिसेना. चाकांचा घेर मोजावा म्हटले, तर पोलादी टेप टायरवर नीट बसेना. ते पाहून काकूंनी पिशवीतून शिवणाची टेप काढून दिली. पंक्चरनंतर बदललेला एकच टायर नवा होता, आणि झिजलेल्या तिन्हींपेक्षा त्याचा घेर मोठा भरला. "हे चाक मोठं, म्हणून सावकाश फिरतं, आणि बाकीची घसरतायत असं गाडीला वाटतं. तुमचा हात ठीक आहे," मी चाचरत म्हणालो. "मी तरी हेच म्हणत होते," काकू म्हणाल्या. "म्हणत होतीस, पण मागं बसून," काका म्हणाले. चारही टायर सारखे बसवून झाल्यावर काकूंनी पुढचे दार उघडले. टेप माझ्याकडेच राहिली. आजही गिऱ्हाइकाला निदान सांगताना आवाज फुटेनासा झाला की मी ती बोटाभोवती गुंडाळतो.