मावशींची कुरकुर

काशीदच्या ज्या रिसॉर्टमध्ये मी रिसेप्शन सांभाळायचे, तिथल्या स्वयंपाकघरात एक मावशी होत्या. त्यांच्या हातच्या सोलकढीसाठी पाहुणे पुन्हा यायचे. पण तोंड सतत चालू. एसटी उशिरा आली, पंखा फिरत न्हाय, गुडघा धरलाय, डोकं चढलंय, बाजूचं नीट दिसत न्हाय. सगळं एकाच सुरात, त्यामुळे कुठलं मनावर घ्यायचं ते कळायचं नाही.

मॅनेजर साहेब भला माणूस. पुण्याहून कसलंसं ट्रेनिंग करून आले आणि आम्हाला बसवून म्हणाले, "ज्या वागण्याला दाद मिळते ते वाढतं, नाही मिळाली की आपोआप थांबतं. मावशींना कुणी ओरडायचं नाही. चांगल्या कामाचं लगेच कौतुक करायचं आणि कुरकुर सुरू झाली की लक्षच द्यायचं नाही."

आम्ही तसंच केलं. घावन्यांचं कौतुक केलं की मावशी खुलायच्या. दुखण्याचं काढलं की मी कॉम्प्युटरकडे बघायचे. सुरुवातीला त्या जास्तच बोलू लागल्या, आवाज चढवून. "असं होतंच, धीर धरा," साहेब म्हणाले. मग त्या खरंच गप्प झाल्या. त्या आनंदात साहेबांनी सगळ्यांना आइस्क्रीम खिलवलं.

दिवाळीच्या गर्दीत मावशी उकळत्या आमटीच्या पातेल्याला धडकल्या. पातेलं अगदी शेजारी होतं. भाजण्यावर निभावलं, पण एवढं मोठं पातेलं दिसलं कसं नाही, म्हणून सुनेने त्यांना अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला, बाजूची बरीच नजर आधीच गेली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधांवर टिकवायची.

साहेब आणि मी घरी भेटायला गेलो.

"मावशी, एवढा त्रास होता, तर बोलला का नाहीत?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

"बोलले व्हते की," त्या म्हणाल्या. "तुमाला आवडत न्हाय असं वाटलं, मंग सोडलं."

आवाजात राग नव्हता. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. साहेबांना तो संपवता आला नाही.

पुढे साहेब रोज सकाळी स्वयंपाकघरात बसून एकेकाची चौकशी करायचे. "सगळं ठीक आहे सर," एवढंच उत्तर यायचं. वर्षभरात ते नोकरी सोडून गेले.

मी अजून मावशींकडे जाते. मासळीचे भाव, नातवाची शाळा, सगळं बोलतात. डोळ्यांचं विचारलं की विषय बदलतात. त्या स्वतःहून काही सांगतील म्हणून मी थोडा वेळ थांबते, मग निघते.