बिल्ला नंबर चारशेवीस

कंपनीत लागलो तेव्हा टाइम ऑफिसने माझ्या हातावर पितळी बिल्ला ठेवला. नंबर चारशेवीस. म्हटलं, झालं कल्याण! आधीच माझं डोकं गरम, त्यात असला नंबर. पहिल्याच शिफ्टला बिल्ला लावून आत गेलो, तर लेथवरचे दोघेतिघे ओरडलेच, "राव, हत्यारं सांभाळा, चारशेवीस आला!" मी रोज भांडायचो, ते रोज चिडवायचे. वर्षभरात पिंपरीत माझं खरं नाव फक्त खानावळवालीला ठाऊक होतं, तेही डब्यावर लिहिलेलं होतं म्हणून.

हेही चाललं असतं. पण चाकणजवळच्या एका गावात माझं लग्न जुळत आलं. मुलगी तिथल्याच शाळेत मास्तरीण. कांदेपोहे खाताना मी तिला काही विचारायच्या आत तिनेच मला विचारलं, "घरी माणसं किती?" मी म्हटलं, "गावाकडे, माझ्यासकट सहा." तिने मान हलवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. परत आलो तो ती नजर घेऊनच. करीन तर हिच्याशीच, असं मनाशी धरलं.

आठवड्याने निरोप आला, नाही म्हणून. मध्यस्थाला खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. मुलीचे वडील चौकशीला कंपनीच्या गेटवर आले होते. आमचा वॉचमन माणसं नंबरानेच ओळखायचा. त्याने माझं नाव ऐकलं, रजिस्टरात बोट फिरवलं आणि म्हणाला, "तो व्हय? तो चारशेवीस." वडील आल्या पावली परत फिरले.

असं डोकं सणकलं! सुट्टीच्या दिवशी सकाळीच एसटी धरली आणि तिच्या वडिलांसमोर ओसरीवर बिल्ला आपटला. "हा बघा चारशेवीस! मी नाही, हा! आणि बदलायचा अर्जही दिलाय. सोमवारपासून चारशेएकवीस मिळतोय."

त्यांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. "आमी भलतंच समजलो की," म्हणाले. "पर आता पोरीलाच इचारा. तिचं मन उडालं असंल तर माझा इलाज न्हाई."

ती दारातच उभी होती. तिने बिल्ला घेतला, आतून पाटी आणली आणि खाली बसून चक्क भागाकार मांडायला लागली. मला गणित नको होतं, उत्तर हवं होतं.

"दादा, हे बघा," ती वडिलांना म्हणाली. "चारशेवीसला दोनानं भाग जातो, तिनानं जातो. चार, पाच, सहा, सात, सगळ्यांनी जातो. बाकी शून्य. सातापर्यंत कुणीही वाटून घ्यावा असा हा सगळ्यात लहान आकडा."

"आणि चारशेएकवीस?" मी विचारलं.

"त्याला कुणाचाच भाग जात नाही. एकटा तो एकटाच."

तिने पाटी पदराने पुसली आणि बिल्ला माझ्या हातात दिला.

"घरी सहा जण ना तुम्ही? मग मी सातवी. नंबर बदलू नका."

परतीच्या एसटीत मी बिल्ला शर्टाला लावूनच बसलो.