पुढची चाकं आणि मायचे हात

काल स्वयंपाकघरातला लाइटचा बोर्ड बदलला. नव्या बटनाचा तांबडा ठिपका पेटला आणि मी थेट आमच्या जुन्या जीपमध्ये जाऊन बसलो.

कापसाचे भाव पडल्याची ती वर्षं. मारेगावला खरेदीचा शेवटचा दिवस होता, आणि अवकाळी पावसानं लोण्यासारख्या झालेल्या काळ्या मातीत आमची जीप कापसाच्या ट्रॉलीसकट रुतली. पुढच्या चाकांना जोर देणारं तिचं मूळचं बटन कधीचं बिघडलेलं होतं. म्हणून दादानं आदल्या दिवशी वेगळी वायर ओढून घरातल्या लाइटचं बटन डॅशबोर्डवर बसवलं होतं, शेजारी स्कूटरचा तांबडा बल्ब.

दादानं बटन दाबलं. बल्ब लागला. तिन्हीसांजेला लाइट लावल्यावर जोडायची तसे मायनं चटकन हात जोडले. तेवढ्यात पुढच्या चाकांनी माती धरली आणि जीप हिसका देऊन वर आली.

"पाह्य, माही वायर चालली!" दादा ओरडला.

"म्या हात जोडले म्हून," माय म्हणाली.

त्यानंतर चिखल दिसला की दादाच म्हणायचा, "माय, हात जोड वो, मी बटन दाबून राह्यलो."

काल माझेही हात आपोआप जुळले. हा किस्सा शंभरदा ऐकलेली बायको म्हणाली, "काहून? रुतलो काय आपन?"