कुजबुजबाईंची विंग

कुजबुजबाईंना मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं. नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या त्या. अर्धं आयुष्य त्यांनी विंगेतल्या अंधारात, स्टुलावर बसून काढलं. मांडीवर संहिता आणि ओठांवर सगळ्यांची सगळी वाक्यं. राजा अडखळला की राजाचं, नोकर अडखळला की नोकराचं. नटांनी कधी आभारबिभार मानले नाहीत, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. पडद्याच्या फटीतून उजेडाचा एक पट्टा यायचा, त्यात धूळ तरंगायची. तेवढ्यावर बाई खूश.

मग नाटकगृह बंद पडलं. बाई घरच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांची वाक्यं पुटपुटायला लागल्या, तेव्हा मात्र धाकट्या दिरांनी मनावर घेतलं. ते एका इस्पितळात नोकरीला होते. तिथं नवी इमारत उभी राहत होती आणि प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून कुणी टिकत नव्हतं.

"वहिनी, एवढे नट तुम्ही वेळेवर स्टेजवर ढकललेत. गवंडी आणि वायरमन ढकलायला तुमचं काय जातंय?"

"भाऊजी, नट पळून जात नाहीत," बाई म्हणाल्या. "गवंडी जातात."

पण गेल्या. आणि काय सांगू, जमलं की त्यांना. प्लंबरच्या आधी फरशीवाला आला तर सगळा विचका होतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. राणीच्या आधी खुनी आत शिरला की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. कोण कुठल्या दारानं येणार, येताना हातात काय हवं, हे त्या आदल्या दिवशीच ज्याच्यात्याच्या कानात सांगून ठेवायच्या. दुपारी कामगार जेवायला बसले की त्या ओल्या प्लास्टरच्या वासातून, बिनरंगाच्या खोल्यांतून हिंडायच्या. खिडक्यांना तावदानं नव्हती, उजेड हवा तसा आत येत होता. आता कुठल्याही क्षणी तिसरी घंटा होईल असं वाटून बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या, आणि मुकादम त्यांना शोधत फिरायचा.

घोळ झाला तो सवयीनं. मिटिंगमध्ये इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी लिफ्टच्या इंजिनिअरना विचारलं, "उद्घाटनापर्यंत लिफ्ट तयार होईल ना?" हे इंजिनिअर म्हणजे अंगानं दणकट, वयानं पन्नाशीचे आणि बोलण्यात महाकंजूष. ते गप्प झाले. शेजारी बसलेल्या बाईंचे ओठ आपोआप हलले. "होईल, साहेब." अगदी त्यांच्या कानापुरतं.

"होईल, साहेब," इंजिनिअर म्हणाले. उद्घाटनाची तारीख ठरली, चहा आला.

घरी जाताना बाई रस्त्यातच थबकल्या. वाक्य विसरलेल्या नटाचा श्वास वर, गळ्याशी अडकतो. मुद्दाम थांबलेल्याचा श्वास खाली, पोटात असतो. इंजिनिअरचा श्वास पोटात होता. ते विसरले नव्हते, 'नाही' म्हणायला धीर गोळा करत होते, आणि बाईंनी त्यांच्या तोंडात 'होईल' कोंबलं. नटाच्या पॉजमध्ये तोंड घालायचं नाही, हे तर प्रॉम्प्टरचं बाळकडू. बाईंना स्वतःचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअरना जिन्यात गाठून खरं काय ते विचारलं. "बघतो," एवढंच म्हणून ते खाली उतरले.

पुढच्या मिटिंगच्या दारात मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. "तारीख हलली, तर मला तुमच्या जागी दुसरं कुणीतरी बघावं लागेल," ते म्हणाले. म्हणजे बाईंनी पुन्हा खिडकीत बसायचं, रस्त्याकडे बघत.

आत तोच प्रश्न झाला. इंजिनिअर पुन्हा गप्प. पडद्याच्या फटीतून टेबलावर उजेडाचा पट्टा पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. बाईंना क्षणभर वाटलं, आपण स्टुलावरच आहोत. त्यांची नोकरी वाचवणारे दोन शब्द ओठांवर येऊन बसले होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि इंजिनिअरचा श्वास ऐकत राहिल्या. तो खाली होता. पार खाली.

"नाही होणार," इंजिनिअर म्हणाले. "ब्रेकची चाचणी राहिलीय. माझी आई स्ट्रेचरवर असती तर तिला मी या लिफ्टमध्ये घातलं नसतं."

मोठे डॉक्टर बाईंकडे वळले. "मग विश्वस्तांना हे तुम्हीच सांगायचं. सभेत, सगळ्यांसमोर."

सभेच्या दिवशी बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. इंजिनिअर न बोलावता येऊन त्यांच्या मागच्या खुर्चीत बसले होते. "उद्घाटन पुढे ढकलावं लागेल," बाई म्हणाल्या, "कारण..." आणि थांबल्या. विसरल्या नव्हत्या. तोंडावर दिवा होता, त्या उजेडात धूळ तरंगत होती, आणि ती या बाजूनं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. इतकी वर्षं नट हे बघत होते तर.

मागून कुजबुज आली, जाडीभरडी, घाबरलेली. "कारण लिफ्ट अजून सुरक्षित नाही."

बाईंचे डोळे भरले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी वाक्य दिलं होतं, आणि तेही पॉजमध्ये. मागं वळून न बघता त्यांनी ते उचललं.

"कारण लिफ्ट अजून सुरक्षित नाही," त्या म्हणाल्या. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

विश्वस्तांच्या अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. मोठ्या डॉक्टरांकडे एकदा बघितलं, मग बाईंकडे. "बरं. मग नवी तारीख तुम्हीच ठरवा आणि तुम्हीच पाळा. कधीची सांगताय?"

बाईंनी श्वास खाली घेतला. या वेळी मागून कुणी काही बोललं नाही.